तांबड्या अक्षरांचा शोध

छापखान्यात खिळे जुळवले जात त्या काळी मुद्रितशोधकाने शब्दाखाली सरळ रेघ मारली, की कंपोझिटर समजे : हा शब्द तिरप्या टाइपात घ्यायचा. रेघ नागमोडी असेल तर जाड टाइपात. जाड टाइपाची केस निराळी असे, तिच्याकडे वळावे लागे, एकेक खिळा वेचावा लागे. त्यामुळे शब्द जाड करण्यापूर्वी लेखक, संपादक आणि कंपोझिटर असे तिघे जण क्षणभर तरी विचार करीत. संगणक आला आणि हे काम एका कळीवर आले. मग लग्नपत्रिकेपासून सोसायटीच्या नोटिशीपर्यंत सगळेच जाड, तिरपे, रंगीत आणि अधोरेखित होऊ लागले. याला आपण मजकूर 'सजवणे' म्हणू लागलो. आणि एकदा सजावट म्हटली की ती उतरवून ठेवली तरी बिघडत नाही, असे आपोआपच ठरून गेले.

माझ्या आत्याच्या पुस्तकाची सजावट उतरवली असती तर कोणाच्या तरी जिवावर बेतले असते. अतिशयोक्ती वाटेल, पण पुढे वाचा.

आत्या कोकणातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत असे. सुटीच्या दिवशी पिशवी खांद्याला लावून वाड्यावाड्यांवर हिंडायचे आणि तिथल्या बायका पावसाळ्यात रानातून काय काय आणून शिजवतात ते टिपून घ्यायचे, हा तिचा नाद. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, शेवळे, घोळ, आघाडा. कोवळे पान कुठवर खुडायचे, पहिले पाणी टाकायचे की ठेवायचे, कशात चिंच घालायची आणि कशात काकडाची फळे, असे सगळे. एका जाडजूड रजिस्टरात तिने या नोंदी केल्या होत्या आणि त्यात शाईची एक शिस्त होती. भाजीचे नाव जाड. शास्त्रीय नाव तिरपे, कारण वनस्पतिशास्त्रात तो दंडकच आहे. वाडीवरच्या बायकांचे शब्द जसेच्या तसे, खाली रेघ देऊन. आणि काही नोंदी तांबड्या.

१९९७-९८ मध्ये तालुक्याच्या गावी एका डीटीपीवाल्याकडे बसून तिने हे सारे संगणकावर चढवून घेतले. तो मुलगा मोठा मन लावून काम करणारा असावा, कारण वहीतली प्रत्येक खूण त्याने पडद्यावर उतरवली होती. पुस्तक काही तेव्हा निघाले नाही. फायली फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून कोणाच्या तरी संगणकावर अशा बिऱ्हाडे बदलत राहिल्या. हल्ली पावसाळ्यात शहरांतून रानभाजी महोत्सव भरतात, लोक हौसेने जुड्या विकत घेतात; तेव्हा गेल्या वर्षी घरच्यांनी मनावर घेतले, की आत्या आहे तोवर पुस्तक काढायचे. संगणकाशी त्यातल्या त्यात माझी ओळख, म्हणून फायली माझ्याकडे आल्या.

फाइल उघडली आणि मजकूर दिसला तो असा, की जणू कोणी डोळे मिटून इंग्रजी कळफलकावर बोटे आपटली आहेत. कारण मजकूर 'कृतिदेव' या टंकातला होता आणि माझ्या संगणकावर तो टंक नव्हता. हे प्रकरण जरा समजावून सांगायला हवे, कारण नव्वदच्या दशकात टंकलिखित झालेले मराठी घरोघरी आणि कचेऱ्याकचेऱ्यांत असेच पडून आहे. देवनागरीला युनिकोड या जागतिक संकेतात १९९१ मध्येच जागा मिळाली होती, पण घरगुती संगणकांत ती सोय नीट यायला विंडोज २००० उजाडावे लागले. मधल्या काळात लोकांनी एक युक्ती केली. संगणकाला इंग्रजी अक्षरेच द्यायची, फक्त त्या अक्षरांचे चित्र मराठी ठेवायचे. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द संगणकाच्या पोटात 'ई, जे, के, मोठा बी, एच' असा बसलेला असतो. टंक लावला की मराठी दिसते, काढला की ई-जे-के-बी-एच. म्हणजे मजकूर मराठी आहे ही गोष्ट अक्षरांत कुठेच लिहिलेली नाही. ती केवळ टंकाच्या नावात आहे. सोंगाड्याने मुखवटा काढला तर आत दुसराच माणूस!

त्यातून गमती होतात. कृतिदेवमध्ये इंग्रजी स्वल्पविरामाच्या कळीवर 'ए' हे अक्षर आहे. स्वल्पविराम शोधायला गेलो तर संगणक एरंडापाशी थांबला, मग एकदांडीपाशी.

अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी परिवर्तके फुकट मिळतात. जुना मजकूर एका चौकटीत टाकायचा, कळ दाबायची, दुसऱ्या चौकटीतून नवा उचलायचा. ऱ्हस्व वेलांटीसुद्धा ती मुकाट्याने अक्षराच्या अलीकडून पलीकडे नेतात. पण चौकटीत जाते ती निव्वळ अक्षरे. जाडपणा, तिरपेपणा, रेघ, रंग हे सारे दाराबाहेर काढलेल्या चपलांसारखे मागे राहते. शिवाय शास्त्रीय नावे खरोखरच इंग्रजी लिपीत, टाइम्स न्यू रोमन टंकात होती. परिवर्तकाला ते काय ठाऊक? त्याने तीही मराठी समजून बदलली. कुर्डूचे शास्त्रीय नाव सेलोशिया अर्जेंटिया. चाचणीपुरती चार पाने घालून पाहिली, तेव्हा त्यातल्या 'सेलोशिया'चे झाले 'ब्मसवेपं'. आत्याला दाखवले. ती म्हणाली, ''लिनियसनं हे पाहिलं असतं तर माळी झाला असता.''

त्याच चार पानांत एक तांबडी नोंदही होती. बाहेर आली तेव्हा ती इतर नोंदींसारखीच काळी होती.

''आत्या, हे तांबडं कशासाठी होतं गं?''

''तांबडं म्हणजे मी स्वतः खाल्लेलं नाही. कोणी तरी सांगितलं म्हणून लिहिलं. खाऊन पाहिल्याशिवाय मी लोकांना खा म्हणून कशी सांगू?''

इथे मी काम थांबवले. अशी नोंद काळी झाली, की ऐकीव माहितीला अनुभवाचा शिक्का बसतो. अक्षर एकही बदललेले नसते. मुद्रितशोधकाला चूक सापडणार नाही, कारण शुद्धलेखन बरोबर असते, वाक्य बरोबर असते. खोटा होतो तो फक्त त्यामागचा भरवसा.

आता यावर उपाय कोणता? पुस्तक दोनशे पानांचे. वही समोर ठेवून पानपान रंगवत बसणे शक्य होते, पण डोळ्यांवर माझा तितका विश्वास नाही. उपाय निघाला तो ज्याला आपण रोज वापरतो आणि ज्याचे अर्धे दार कधी उघडतच नाही त्या 'शोधा आणि बदला' या सोयीत.

वर्डमध्ये कंट्रोल आणि एच दाबले की दोन चौकटी येतात : काय शोधायचे आणि त्याजागी काय घालायचे. बहुतेकांचा व्यवहार इथेच संपतो. खाली 'मोअर' असे एक बटण असते. ते दाबले की खिडकी लांब होते आणि तळाशी 'फॉरमॅट' दिसते. तिथून टंक, रंग, जाडी, परिच्छेद, शैली असे काहीही निवडता येते. आणि खरी मौज अशी, की वरची चौकट रिकामी ठेवली तरी चालते! म्हणजे संगणकाला सांगता येते : शब्द कोणताही असो, मला तांबडा मजकूर शोधून दे. किंवा टाइम्स टंकातला दे. किंवा जाड नसलेला दे. माणसाला 'हिरव्या साडीतल्या बाईंना बोलवा' असे सांगावे तसे. नाव माहीत नसले तरी अडत नाही.

अक्षर आणि त्याचे रूप या संगणकाच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून हे शक्य होते. जुन्या वर्डस्टारवर काम केलेल्यांना आठवेल, शब्द जाड करायचा तर त्याच्या आधी आणि नंतर एक खूण घालावी लागे आणि ती खूण पडद्यावर दिसे. वर्डपरफेक्टमध्ये तर पडद्याचा खालचा भाग उघडून साऱ्या खुणा पाहता येत. त्याचे भक्त अजून त्या सोयीची आठवण काढतात. १९७४ च्या सुमारास झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात 'ब्राव्हो' हा संपादक तयार झाला, त्यात पडद्यावर जसे दिसेल तसेच कागदावर उमटेल अशी सोय प्रथम झाली. तो घडवणाऱ्यांपैकी चार्ल्स सिमोनी १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९८३ मध्ये वर्ड आले. तेव्हापासून खुणा पडद्याआड गेल्या. सोय झाली खरी. पण खुणा दिसेनाशा झाल्यामुळे त्या आहेत हेच आपण विसरलो.

असो. माझी योजना साधी होती. रंग परिवर्तकातून जाणार नसेल, तर तो तात्पुरता अक्षरांत बदलायचा. अक्षरे मात्र अशी हवीत की जी त्या चरकातून साबूत बाहेर येतील. इंग्रजी वर्ण घालून उपयोग नाही, त्यांचे मराठी होणार. आकडे चालतात, हे दोन-चार ओळींवर करून पाहिले. मग पुस्तकात कुठेही न येणारे आकडे निवडले : तांबडे सुरू होते तिथे ९१९१, संपते तिथे ९२९२. वरची चौकट रिकामी, रंग तांबडा. खालच्या चौकटीत पहिला आकडा, मग शिफ्ट दाबून ६ वर येणारी टोपी आणि ७ वर येणारे 'अँड'चे चिन्ह, मग दुसरा आकडा. टोपी आणि अँड या जोडगोळीचा अर्थ, 'जे सापडले ते इथे जसेच्या तसे ठेव.' या दोन चिन्हांची ओळख ज्याला आहे त्याचे निम्मे काम वाचते. लिब्रे ऑफिस वापरणाऱ्यांना तिथेही रूपावरून शोधण्याची बटणे आहेत, फक्त मांडणी थोडी निराळी.

'सगळे बदला' ही कळ दाबण्याआधी मी नुसते मोजायला लावले. संगणकाने सांगितले, तेवीस. आत्याने वही उघडून तांबड्या शाईच्या नोंदी बोटाने मोजल्या. एकोणतीस.

दुसऱ्यांदा मोजल्या. एकोणतीसच.

''कळलावी आली का तुझ्यात?'' तिने विचारले. आली नव्हती. पडद्यावर तर ती ठसठशीत तांबडी दिसत होती. तिच्यावर जाऊन रंगाचे नाव पाहिले आणि उलगडा झाला. तो 'रेड' नव्हता, 'डार्क रेड' होता. माझ्या डोळ्याला दोन्ही एकच. संगणकाला ते दोन वेगळे रंग, त्याच्यापाशी 'साधारण तांबडा' ही चीजच नाही. दुसऱ्या रंगाने शोध केला, बरोबर सहा सापडल्या. वही पाहिली तर त्या सहा नोंदींखाली आत्याने त्याच शाईने दुहेरी रेघ ओढली होती. ती स्वतःही हे विसरली होती. न खाल्लेल्या भाज्यांसाठी तांबडे, आणि जी भाजीच नव्हे, जिच्यापासून सावध राहायचे तिच्यासाठी तांबडे आणि दुहेरी रेघ. त्या डीटीपीवाल्या मुलाने हा फरक ओळखून रंगाची दुसरी छटा घेतली होती. पंचवीस-सव्वीस वर्षे तो निरोप फायलीत पडून होता.

कळलावी म्हणजे पावसाळ्यात कुंपणावर चढणारी, पिवळ्या-तांबड्या ज्वाळांसारख्या फुलांची वेल. फुलावरून कोणीही ओळखील, पण कंद जमिनीखाली असतो आणि त्याला फूल नसते. त्यात कोल्चिसिन हे जहाल विष असते. खाण्याजोगा कंद समजून तो खाल्ल्याने माणसे दगावल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. हे पान काळे होऊन करांद्याच्या आणि सुरणाच्या पंक्तीला जाऊन बसले असते तर? तेव्हा या सहांना मी वेगळे आकडे दिले.

बाकीच्या खुणांची कहाणी लांबवत नाही. जाड नावे, रेघ दिलेली वाक्ये यांना त्यांचे त्यांचे आकडे मिळाले. परिच्छेदाच्या शेवटी एक अदृश्य परिच्छेदचिन्ह असते. तेही कधीकधी रंगलेले असते आणि मग शेवटची खूण पुढच्या ओळीच्या डोक्यावर जाऊन बसते. ती हाताने मागे आणावी लागली. शास्त्रीय नावांसाठी टंकावरून शोध केला. प्रत्येक ठिकाणी थांबायचे, नाव वेगळ्या यादीत लिहायचे, जागेवर क्रमांक ठेवायचे. कुठे नुसता कंस सापडे, कुठे टाइम्स टंकातली रिकामी जागा. दोन संध्याकाळी गेल्या. मग फाइल परिवर्तकातून काढली आणि उलटा प्रवास सुरू केला. ९१९१ आणि ९२९२ यांच्यामध्ये जे असेल ते शोध, आकडे टाकून दे, आतल्याला तांबडे कर. यासाठी 'यूज वाइल्डकार्ड्स' या चौकोनात खूण करावी लागते. कळ दाबली आणि तांबडी अक्षरे एकामागून एक परत उजळली. तो क्षण मला आवडला, खोटे कशाला बोला!

या सोयीची एक खोड सांगून ठेवतो, कारण घरोघरी तिच्यापायी डोकी तापतात. एकदा रंग किंवा जाडी निवडली की ती अट चौकटीखाली बारीक अक्षरांत तशीच चिकटून राहते. अर्ध्या तासाने तुम्ही साधा शब्द शोधायला जाता, शब्द डोळ्यांसमोर असतो आणि यंत्र सांगते, सापडत नाही. आमच्या शेजारच्या काकू महिला मंडळाचा अहवाल करताना अशाच एकदा संगणकावर चिडून बसल्या होत्या. 'अध्यक्षा' हा शब्द पानावर सात ठिकाणी, आणि यंत्र म्हणे नाहीच. ते बिचारे तांबड्या अध्यक्षा शोधत होते. 'नो फॉरमॅटिंग' हे बटण दाबले की अट सुटते.

उलट, शब्द आणि रूप यांची अट एकत्र घातली तर केवढे काम होते, ते आत्याच्या शेवटच्या फर्माइशीत कळले. तिला 'घोळ' या भाजीचे नाव सगळीकडे 'घोळभाजी' करून हवे होते, कारण घोळ नावाचा मासाही आहे आणि मुंबईकरांना आधी तोच आठवतो. पण आता विचार करा. प्रस्तावनेत तिने लिहिले होते, 'गावागणिक नावांचा घोळ आहे.' कृतींमध्ये होते, 'बेसनात घोळून तळावे.' सरसकट बदल केला असता तर नावांचा घोळभाजी झाला असता आणि 'घोळून'मध्ये 'भाजी' शिरून उकाराची आणि 'न'ची अशी काही अवस्था झाली असती, की छापण्याचीही सोय नाही. वरच्या चौकटीत 'घोळ' लिहिले, चौकटीतच कंट्रोल आणि बी दाबले, खाली 'बोल्ड' अशी अट उमटली. संगणकाने फक्त जाड घोळ बदलले. प्रस्तावनेतला घोळ जिथल्या तिथे राहिला.

हे सगळे झाल्यावर छापखान्यातून अंदाजपत्रक आले. दोन रंगांत छपाई परवडणार नव्हती. पुस्तक काळ्या शाईतच निघणार! म्हणजे इतक्या जपून आणलेले तांबडे कागदावर पुन्हा काळेच होणार.

मला वाटले आत्या खट्टू होईल. ती म्हणाली, ''मग शब्दांत लिही. रंग ओळखू न येणारी माणसंही असतात. झेरॉक्स काढणारी तर असतातच.''

तिचे म्हणणे असे, की वहीत तांबडी शाई चालते कारण वही तिची एकटीची. छापलेले पान कुणाच्या हातात जाईल, कुठल्या उजेडात वाचले जाईल ते सांगता येत नाही. मग पुन्हा तीच खिडकी उघडली. वरची चौकट रिकामी, रंग तांबडा. खालच्या चौकटीत 'लेखिकेने स्वतः खाल्लेली नाही', पूर्णविराम, टोपी आणि अँड; रंग काळा. तेवीस ठिकाणी ते वाक्य नोंदीच्या कपाळावर जाऊन बसले. गडद तांबड्या सहा नोंदी तिने भाज्यांच्या रांगेतून उचलायलाच लावल्या आणि पुस्तकाच्या सुरुवातीला, अनुक्रमणिकेच्याही आधी, एका पानावर ठेवल्या. मथळा तिनेच सांगितला : 'या भाज्या नाहीत.'

प्रत छापायला देण्यापूर्वी शेवटचा शोध तिने शेजारी बसून करायला लावला. दोन्ही छटा. दोन्ही वेळा संगणकाने सांगितले, काही सापडले नाही.

''आता वहीतल्या एकोणतीस माझ्यासमोर वाच,'' ती म्हणाली. मी छापायच्या प्रतीतून एकेक वाचत गेलो, ती वहीत टिंब देत गेली. दिंड्याच्या कोंभांपाशी आलो. 'लेखिकेने स्वतः खाल्लेली नाही.'

''थांब,'' आत्या म्हणाली. ''ही मी गेल्या पावसाळ्यात खाल्ली. चिंच घालून. ते वाक्य काढ.''